थंडीत पऱ्हे पिवळे का पडतात?

प्रश्न : डिसेंबरात उन्हाळी धानाचे पऱ्हे (रोवणीआधी वाफ्यात वाढवायची रोपे) टाकले. पारा दहाच्या खाली गेला तसे ते पिवळे पडले, वाढही थांबली. जपानी धान थंडी सोसते म्हणतात. मग आपल्या वाणांत काय कमी आहे? आता उपाय काय?
– एक शेतकरी, मौदा (जि. नागपूर)

उत्तर : धानाच्या चौथ्या गुणसूत्रावर ‘कोल्ड-१’ नावाचे जनुक आहे. त्याचे प्रथिन पेशीच्या पडद्यात बसलेले असते. गारठा लागला की ते जी-प्रथिनाच्या (पेशीत इशारे पोचवणाऱ्या प्रथिनाच्या) साथीने कॅल्शियमला पेशीत वाट करून देते. चिनी संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की या प्रथिनात १८७व्या जागी जॅपोनिका (जपानी धानाचा गट) वाणांत लायसिन हे अमिनो आम्ल असते, तर इंडिका या दुसऱ्या गटात मेथिओनिन किंवा थ्रिओनिन. फरक एवढाच, पण इंडिकात थंडीचा इशारा त्याने मंद होतो. एचएमटी, जय श्रीराम ही आपली वाणे इंडिकाच. पेशीतले पुढचे कामही ठरलेले आहे : ‘मॅप किनेज-३’ हे विकर ‘आइस-१’ या जनुके सुरू करणाऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडते, म्हणून ते मोडीत निघत नाही आणि थंडीत पेशी जपणारी ट्रेहॅलोज साखर बनवणारे जनुक सुरू होते.

मात्र पऱ्ह्यातली थंडी वेगळी, पोटरीतली (लोंब बाहेर पडण्याआधीची अवस्था) वेगळी. पोटरीत गारठा लागला तर पराग वांझ होतात, लोंब पोचट राहते. तिथे ‘सीटीबी-४-ए’सारखी दुसरीच जनुके उपयोगी पडतात. आपले उन्हाळी धान पोटरीला येईपर्यंत थंडी सरलेली असते. तेव्हा ‘थंडी सोसणारे वाण’ असे कुणी सांगितले, तर कोणत्या अवस्थेत, हे आधी विचारा. जपानी बियाणे आणण्याच्या भरीस पडू नका. लहान दिवसांत ते फुटवे धरण्याआधीच निसवते (लोंब टाकते), आणि त्याचा चिकट भात आपल्याकडे कोण खाणार?

आता पऱ्ह्यांचे. वाफ्यात संध्याकाळी विहिरीचे पाणी भरा, ते रात्री कोमट असते. सकाळी गार झालेले पाणी काढून टाका. रात्री कमानींवर पॉलिथिन ताणा, पाने कागदाला टेकू देऊ नका. ऊन वर येताच कागद काढा, नाहीतर आतल्या वाफेने पऱ्हे करपतात. पिवळेपणा पाहून युरिया टाकण्याची घाई नको. गारठलेल्या मुळ्या तो उचलत नाहीत. खालच्या पानांवर तांबूस ठिपके असतील तर ती जस्ताची कमतरता. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम विरवलेला चुना मिसळून, गाळून फवारा. चुना वगळलात तर पाने भाजतील.