ते स्टूल दुरुस्त झालं का?

प्रिय मावशी,

मी 21 वर्षांची आहे. दीड वर्षापूर्वी आमच्या वस्तीतल्या 14 मुलामुलींनी मिळून एक उपक्रम सुरू केला. दर रविवारी सकाळी एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांकडे जायचं, जळमटं काढायची, दिवे बदलायचे, औषधं आणून द्यायची, अर्ज भरून द्यायचे. सुरुवातीचे महिने फार छान गेले. आता जेमतेम पाच जण येतो. वस्तीच्या समितीतली मोठी माणसं आम्हाला खिजगणतीतही धरत नाहीत. वार्षिक कार्यक्रमात एकसारखे टी-शर्ट घालायला लावून स्टेजवर उभं केलं, फोटो काढले, पण बोलायला एक मिनिटही दिलं नाही. ज्यांच्यासाठी एवढं करतो त्यांनाही कदर नाही. एक आजी परवा दार अर्धवट उघडून म्हणाल्या, "दर रविवारी नको गं." आम्ही किती जपतो सगळ्यांना! मागे एका आजोबांकडे आमचं लाकडी स्टूल डगमगत होतं, तर ते हातोडी घेऊन उठले (पूर्वी सुतारकाम करायचे). त्यांनाही आम्ही "तुम्ही बसा, आम्ही आहोत ना" म्हणून बसवलं. त्यात गेल्या रविवारी आमच्यातला एक जण स्टूलवरून पडला, कोपर सोलवटलं, आता त्याची आई त्याला पाठवत नाही. मी एकटीने किती ओढायचं? गेलेल्या मुलांना परत कसं आणू? की बंदच करून टाकू?

– दमलेली

अगं दमलेली,

ते स्टूल दुरुस्त झालं का?

तुझ्या पत्रात स्टूल दोनदा आलंय. एकदा ते डगमगतं आणि एक सुतार हातोडी घेऊन उठतो. लगेच पुढच्या वाक्यात त्यावरून तुमचा मुलगा पडतो. दोन्ही वाक्यं एकमेकींना खेटून उभी आहेत, तरी तुला त्यांचं नातं दिसलं नाही. स्टूल वेगळं असेल तर तसं कळव, पण मला नाही वाटत. ज्याचं आयुष्य लाकडाचे सांधे बसवण्यात गेलं, त्या माणसाने स्टूलचा पाय हललेला पाहिला, त्याला काय झालंय ते ओळखलं, हत्यार शोधून आणलं. आणि वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी त्याला त्याच्याच घरात खाली बसवलं. वर हे तू तुमच्या चांगुलपणाचा दाखला म्हणून लिहिलंस.

मला राग आलाय तो यासाठी. कोपराचं काही नाही, खपली धरेल.

समितीने तुम्हाला टी-शर्ट घालून उभं केलं, हे तुला किती लागलंय ते कळतं. लागायलाच हवं. रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची एक शिडी मांडली, आठ पायऱ्यांची. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही. त्यातली दुसरी पायरी म्हणजे सजावट, आणि तिचं उदाहरण म्हणून त्याने नेमकं हेच दिलंय: मुलांना टी-शर्ट घालून कार्यक्रमात उभं करायचं, कशासाठी ते त्यांना नीटसं ठाऊकही नसतं. म्हणजे तुझी तक्रार खरी आहे, आणि ती तुझ्या एकटीची नाही.

पण त्याच शिडीच्या टोकाला काय आहे बघ. मला वाटलं होतं, सगळ्यात वर "मुलांनी सुरू केलं, मुलांनीच चालवलं" असं असेल. ती सातवी पायरी आहे. आठवी, सगळ्यात वरची, अशी: पुढाकार मुलांचा, निर्णय मात्र मोठ्यांना सोबत घेऊन. तुम्ही सातवीवर आहात आणि तिथेच धापा टाकताय. ज्या मोठ्यांना सोबत घ्यायचं ते समितीतच असतात असं तू धरून चाललीस. ते तर हातोडी घेऊन तुझ्यासमोर उभे होते.

समितीने तुम्हाला "नुसते उभे राहा" म्हटलं. तुम्ही त्यांना "नुसते बसा" म्हटलं. यातला फरक मला सांगशील?

प्रेमापोटी म्हटलं, हे मला माहीत आहे. प्रेमापोटी मीही केलंय. माझ्या आईच्या हातातली सुई मी एकदा काढून घेतली होती, डोळ्यांना ताण पडतो म्हणून. एक उसवलेली बाही होती, माझीच. "ठेव गं, मी करते," म्हणाले. तिने सुई दिली, आणि नंतर कधी मागितली नाही. पुढची चार वर्षं ती खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसायची. ते रिकामे हात मला अजून दिसतात. म्हणून तुझ्यावर जरा जास्तच चिडले असेन, पण शब्द मागे घेणार नाही.

एडगर कान नावाचे एक अमेरिकन वकील होते. आयुष्यभर गरिबांसाठी झटलेला माणूस. 1980 मध्ये हृदयविकाराचा मोठा झटका येऊन ते रुग्णालयात पडले. सगळे त्यांचं करत होते, आणि त्यांना सलत होतं ते हे, की आपला आता कुणाला काही उपयोग उरला नाही. त्या अंथरुणावर त्यांना जी कल्पना सुचली, तिला आज टाइम बँक म्हणतात. तू कुणासाठी एक तास काम केलंस की तुझ्या खात्यावर एक तास जमा, आणि तेवढाच वेळ दुसरं कुणी तुझ्यासाठी देणार. वकिलाचा तास आणि झाडलोट करणाऱ्याचा तास सारखाच. तुम्ही टाइम बँक काढा असं मी सांगत नाहीये. त्या पलंगावर पडलेल्या माणसाच्या जागी क्षणभर जाऊन बघ, एवढंच.

आणि मग त्या आजींच्या दाराशी ये. दर रविवारी पाच धडधाकट मुलं घरात शिरतात, कोपऱ्यातली जळमटं बघतात, औषधांची नावं वाचतात, सगळं उरकून निघून जातात. आजींनी कधी काही द्यायला काढलं असेल तर "नको नको" म्हणाला असाल. परतफेड करू न देता कुणी सतत देत राहिलं की त्याचं ओझं होतं गं. स्वाभिमान असलेला माणूस शेवटी दार अर्धवटच उघडतो. तू याला कदर नसणं म्हणतेस. मला त्या आजी आवडल्या.

गेलेल्या नऊ जणांबद्दल फार काही बोलत नाही. कुणाच्या परीक्षा असतील, कुणाला नोकरी लागली असेल. त्यांना आत्ता विनवण्या करू नकोस. उपक्रम बंद करायचा की नाही हेही आत्ता ठरवू नकोस. दमलेल्या माणसाने असले निर्णय घेऊ नयेत, आणि त्याआधी तुझं एक काम राहिलंय.

येत्या रविवारी ते स्टूल उचल आणि त्या आजोबांकडे जा. एकटी. टी-शर्ट नको, फोटो नको, झाडू नको. आत गेल्यावर म्हण, "आजोबा, तुम्ही म्हणाला होतात तेव्हाच ऐकायला हवं होतं. आमचा मुलगा पडला यावरून. हे नीट करून द्याल का?" एवढंच म्हण आणि गप्प राहा. त्यांना चष्मा शोधायला वेळ लागेल. स्टूल उलटं करून ते बराच वेळ नुसतं बघत राहतील. पाचर तासायला मनासारखा तुकडा मिळणार नाही, दुसरा शोधतील. तुझ्या दहा मिनिटांच्या हिशेबात हे बसणार नाही, तासभर जाईल, कदाचित दोन. जाऊ दे. मधूनच तुला ओरडतील, "असं नाही, घट्ट धर." धर. हातोडी धरताना त्यांचा हात थरथरला तर तुझा हात आपोआप पुढे जाईल, तिथे स्वतःला आवर.

आणि झालं म्हणाले की त्यांच्यासमोर त्या स्टूलवर आधी तू चढ.

– मावशी