साडीवरचा डाग जखमेच्या रक्ताचा की पाळीच्या, हे डीएनए तपासणीतून कळतं का? (यवतमाळकडच्या खेड्यातून आलेला प्रश्न)

नाही, नेहमीच्या डीएनए तपासणीतून ते कळत नाही; त्यासाठी आरएनए (चालू जनुकाची पेशीत बनणारी नक्कल) तपासता येतो, सिक्वेन्सिंग म्हणजे त्यातली अक्षरं क्रमाने वाचणं हा त्याचाच एक मार्ग. डीएनए अंगभर सारखाच, म्हणून डाग कोणाचा एवढंच तो सांगतो. कोणत्या पेशीत कोणतं जनुक चालू होतं हे आरएनए दाखवतो: रक्तात हिमोग्लोबिनचं, लाळेत हिस्टॅटिनचं, वीर्यात प्रोटामिनचं. पाळीच्या रक्तात हिमोग्लोबिनच्या जोडीला गर्भाशयाचं अस्तर सुटताना काम करणारी एमएमपी गटातली जनुकंही सापडतात. सिक्वेन्सिंगमध्ये हे सगळे संकेत एकाच वेळी वाचता येतात, त्यामुळे मिसळलेल्या डागातही उपयोग होतो. अत्याचाराच्या तक्रारीत ‘पाळीचंच असेल’ असं कोणी म्हणालं, तर हा फरक त्या बाईसाठी फार मोलाचा आहे.

मात्र आरएनए ओलाव्यात लवकर नासतो. म्हणून कपडा धुऊ नका. ओला असेल तर सावलीत वाळवून कागदी पाकिटातच पोलिसांकडे द्या. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहिला, तर नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत पुरावा बिघडू शकतो. ही चाचणी नेहमीच्या तपासणीत धरलेली नसते, तेव्हा तपास अधिकाऱ्यांना तसं स्पष्ट विचारा.