‘क्लेमन्सी’ म्हणजे नेमकी कोणती दया?

प्रश्न : अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी एखाद्या कैद्याची शिक्षा कमी केली की इंग्रजी बातम्यांत ‘क्लेमन्सी’ हा शब्द हमखास येतो. हवामान बिघडल्यामुळे सामना रद्द झाला की त्याच वृत्तपत्रात ‘इनक्लेमंट वेदर’ असे वाचायला मिळते. या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध आहे काय? शिवाय ‘मर्सी’, ‘पार्डन’ आणि ‘क्लेमन्सी’ हे एकाच अर्थाचे शब्द मानावेत काय?

उत्तर : संबंध आहे, आणि तो अगदी थेट आहे. लॅटिन भाषेत ‘क्लेमेन्स’ हे विशेषण सौम्य हवेला जसे लावत, तसेच शांत स्वभावाच्या माणसालाही लावत. त्याचे भाववाचक नाम ‘क्लेमेन्तिया’ आणि त्यावरूनच इंग्रजी ‘क्लेमन्सी’. हवामानाचा अर्थ इंग्रजीत मुख्यतः नकारार्थी रूपातच टिकला. ‘क्लेमंट वेदर’ म्हणणारा आज क्वचितच भेटेल. मूळ ‘क्लेमेन्स’ कोठून आला, याबद्दल मात्र अभ्यासकांत एकमत नाही. ‘झुकणे’ या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते काहींनी जोडले आहे. कल्पना मोहक आहे, पण सिद्ध झालेली नाही.

या शब्दाला राजकीय धार आली ती रोममध्ये. इ.स.पूर्व ४९मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर ज्युलियस सीझरने हाती लागलेल्या शत्रूंना ठार न मारता सोडून देण्याचे धोरण ठेवले. पुढील वर्षी फार्सालसच्या लढाईनंतर त्याने विरोधी पक्षातून लढलेल्या ब्रूटसलाही अभय दिले, आणि इ.स.पूर्व ४४मध्ये सीझरच्या क्लेमेन्तियासाठी मंदिर उभारण्याचा ठराव सिनेटने केला. त्याच वर्षी ब्रूटसने सीझरच्या खुनात भाग घेतला, हे सर्वपरिचित आहे. मला त्याहून बोलका वाटतो तो सीझरचा कट्टर विरोधक असलेला रोमन राजकारणी केटो. सीझर आपल्याला जीवदान देईल हे ठाऊक असूनही त्याने इ.स.पूर्व ४६मध्ये उत्तर आफ्रिकेतील उटिका येथे आत्महत्या केली, कारण ज्याला शिक्षा करण्याचा अधिकारच नाही त्याच्याकडून जीवदान घेणे म्हणजे त्याला धनी मानणे, असे तो समजत होता. क्लेमन्सी नेहमी वरून खाली येते, हा या शब्दाचा गाभा त्याने नेमका ओळखला होता.

पुढे रोमन तत्त्वज्ञ सेनेकाने हाच गाभा व्याख्येत बांधला. इ.स. ५५-५६च्या सुमारास, आपला शिष्य असलेल्या, जेमतेम अठरा वर्षांच्या सम्राट नीरोला उद्देशून लिहिलेल्या ग्रंथात तो म्हणतो की, शिक्षा ठरवताना वरिष्ठाने कनिष्ठाशी दाखवलेली सौम्यता म्हणजे क्लेमेन्तिया. तिचा विरोधी गुण कठोरपणा नसून क्रौर्य आहे, असे तो बजावतो. कारण कठोरपणाही त्याच्या दृष्टीने सद्गुणच. करुणेला तो मनाचा दुबळेपणा समजतो. क्षमेलाही तो वेगळे काढतो, कारण क्षमा म्हणजे योग्य शिक्षा सोडून देणे, तर क्लेमेन्तिया म्हणजे सर्व परिस्थिती पाहून जे न्याय्य वाटेल तेवढ्यावरच थांबणे. शिष्यावर या शिकवणुकीचा किती परिणाम झाला हे सांगायला नको, इ.स. ६५मध्ये नीरोच्याच हुकुमावरून सेनेकाला स्वतःचा जीव द्यावा लागला.

इंग्रजीत हा शब्द प्रशंसेप्रमाणे टोमण्यासाठीही वापरला गेला. ३१ जुलै १८५७च्या ठरावाने गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी बंडात सामील झालेल्या शिपायांना सरसकट शिक्षा देण्यास आळा घातला, तेव्हा सूडाची मागणी करणाऱ्या इंग्रजांनी त्यांना ‘क्लेमन्सी कॅनिंग’ असे हिणवले. पुढे तेच नाव त्यांच्या गौरवासाठी घेतले जाऊ लागले.

‘मर्सी’चे कूळ निराळे आहे. ‘मजुरी, मोबदला’ या अर्थाचा लॅटिन शब्द ख्रिस्ती वापरात दयेबद्दल मिळणारे ईश्वरी फळ आणि मग खुद्द दया असा बदलत गेला. फ्रेंचांचा आभारदर्शक ‘मेर्सी’ त्याचाच भाऊ. ‘मर्सी’ दाखवायला पद लागत नाही, ती बरोबरीचा माणूसही दाखवू शकतो. शिक्षेतील सौम्यपणासाठी वापरला जाणारा ‘लीनियंट’ हा शब्द ‘मऊ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला असून, आरंभी तो वेदना शमवणाऱ्या औषधासारख्या गोष्टींना लावत.

राहिला ‘पार्डन’. अमेरिकी व्यवहारात ‘क्लेमन्सी’ हे छत्रनाम आहे आणि पार्डन हा तिचा एक प्रकार. पार्डनमध्ये गुन्ह्याची माफी मिळते, कम्युटेशनमध्ये दोष कायम राहून शिक्षा घटते आणि रिप्रीव्हमध्ये ती केवळ लांबणीवर पडते. गंमत अशी की, त्या देशाच्या राज्यघटनेत ‘क्लेमन्सी’ हा शब्दच नाही. तेथे फक्त रिप्रीव्ह आणि पार्डन यांचा उल्लेख आहे, तोही महाभियोगाचा अपवाद ठेवून. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१५मध्ये बर्डिक या पत्रकाराच्या खटल्यात, पार्डन नाकारण्याचा हक्क व्यक्तीला आहे असा निर्णय देताना, पार्डनमध्ये दोषाचे सूचन असते आणि तो स्वीकारणे हे दोषाच्या कबुलीसारखे आहे, असेही म्हटले. म्हणून मराठीत बातमी देताना ‘क्लेमन्सी’साठी सरसकट ‘माफी’ लिहू नये, आणि ‘निर्दोष सुटका’ तर मुळीच लिहू नये. केवळ शिक्षा कमी झाली असेल तर ‘शिक्षेत सूट’, गुन्हाच माफ झाला असेल तर ‘क्षमादान’, आणि स्वभावगुण सांगायचा असेल तर ‘क्षमाशीलता’ हे शब्द मला योग्य वाटतात.