सायकलने घर बदललं, टॅक्समध्ये काय मिळेल?

प्रश्न: नमस्कार ताई, जुलै २०२४ मध्ये आम्ही शिकागोहून कॅलिफोर्नियात सॅन होजेला शिफ्ट झालो. नवा जॉब सप्टेंबरपासून होता, मधे वेळ होता म्हणून मी चक्क सायकलने आलो, ५२ दिवस लागले, वाटेत यलोस्टोन नॅशनल पार्कही बघितलं. बायको कारने आधी येऊन मावसबहिणीकडे राहिली, घर मिळेपर्यंत सामान दोन महिने स्टोरेजमध्ये होतं. कंपनीने एक डॉलर दिला नाही. मोटेल, टायर, खाणं, सगळ्या पावत्या ठेवल्यात. काही वजा होईल का?

उत्तर: आधी कडू गोळी घ्या, फेडरल म्हणजे केंद्राच्या टॅक्समध्ये शून्य. २०१८ ते २०२५ या वर्षांसाठी घर हलवण्याच्या खर्चाची सवलत फक्त सैन्यातल्या बदली झालेल्या लोकांपुरती ठेवली होती. पण कॅलिफोर्नियाने तो बदल घेतलाच नाही, त्यामुळे २०२४ च्या स्टेट रिटर्नला एफटीबीचा (म्हणजे राज्याच्या टॅक्स खात्याचा) ३९१३ फॉर्म जोडून मागता येतं. तुमच्यासाठी मुख्य अट ही की आल्यापासून वर्षभरात ३९ आठवडे फुलटाइम नोकरी हवी. तुमचे जूनमध्ये भरतील, पण भरणार अशी खात्री असेल तर एप्रिलमध्येच क्लेम करा, थांबायची गरज नाही.

आता सायकल. नियम म्हणतो प्रवास नेहमीच्या साधनाने, सगळ्यात जवळच्या रस्त्याने आणि त्या साधनाला साधारण लागतो तेवढ्याच वेळात हवा. सायकल नेहमीचं साधन नाही का, असा वाद घालता येईल, पुण्यात तर नक्कीच घातला असता! पण ५२ रात्रींची मोटेलं बघून ऑफिसर आधी यलोस्टोनच्या पावतीवर बोट ठेवेल, तो फेरा तर सरळ पर्यटनात जातो. मी तुमच्या जागी असते तर सायकलचा खर्च सोडून दिला असता. जेवण तर कुणालाच मिळत नाही, विमानाने आलात तरी.

खरी रक्कम बायकोच्या कारमध्ये आणि सामानाच्या ट्रकमध्ये आहे. दोघं वेगवेगळे आलात तरी चालतं. २०२४ साठी कारला मैलामागे २१ सेंट, म्हणजे २,२०० मैल धरले तर ४६२ डॉलर, वर टोल आणि तिची वाटेतली मोटेलं. ट्रकचं भाडं पूर्ण घ्या. स्टोरेजचे मात्र सलग ३० दिवसच मिळतात, दोन महिन्यांचं एकच बिल असेल तर त्यांच्याकडून तारखेप्रमाणे फोडून आणा.