भत्ता मिळतो, गाडी मिळत नाही : विशेष मुलांच्या शाळाप्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

शाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये प्रवेश, परीक्षा आणि प्रमाणपत्रे यांच्यापेक्षा या वेळी एका वेगळ्याच विषयाची पत्रे अधिक आहेत. दिव्यांग मुलाला घरापासून शाळेपर्यंत न्यायचे कसे, तो खर्च कोणी उचलायचा आणि नकार मिळाल्यास दाद कोठे मागायची, असे हे प्रश्न आहेत. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. लिहिणाऱ्यांची आणि शाळांची नावे अर्थातच वगळली आहेत.

प्रश्न : आमची वाडी अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी असून तो आधाराशिवाय चालू शकत नाही. वाडीतली शाळा चौथीपर्यंतच आहे आणि तो यंदा चौथीत आहे. पाचवीची शाळा साडेतीन किलोमीटरवर, खालच्या गावात आहे. मुख्याध्यापक म्हणतात की प्रवास भत्ता मिळेल. परंतु वाडीतून गाडीच सुटत नसेल तर भत्ता घेऊन मी काय करू? आतापर्यंत त्याला कडेवर नेत होते, पुढे ते जमणार नाही.

उत्तर : आपल्या मुख्याध्यापकांनी सांगितले ते खरे आहे, मात्र ते अर्धेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी काय करायचे, याची यादी त्याच्या कलम १६ मध्ये दिली असून तिच्यातील शेवटची बाब वाहतुकीची आहे. दिव्यांग मुलांना, आणि ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे अशा मुलांच्या मदतनीसालाही, वाहतुकीची सोय पुरवावी, असे तेथे म्हटले आहे. कलमाच्या सुरुवातीला शासनाने ‘प्रयत्न करावा’ अशी काहीशी सैल भाषा आहे आणि अधिकारी तिचा आधार घेतात, हे मान्य केले तरी कायद्याने सोय म्हटले आहे, रोख रक्कम म्हटलेले नाही, ही गोष्ट उरतेच.

आता रकमेकडे पाहू. २०१८-१९ पासून सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असणाऱ्या प्रत्येक मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद धरली जाते आणि प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, अंध मुलांसाठी वाचक भत्ता, साहित्य, उपचार हे सारे तिच्यातूनच भागवायचे असते. हा नियोजनाचा आकडा आहे, प्रत्येक मुलाच्या हाती तेवढी रक्कम पडते असा त्याचा अर्थ नाही. तरीही क्षणभर असे समजू की सगळी रक्कम प्रवासावरच खर्च झाली. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पाचवीपर्यंतच्या वर्गांना वर्षात किमान २०० दिवस शाळा भरावी लागते. म्हणजे दिवसाला साडेसतरा रुपये, तेही जाण्यायेण्याचे मिळून. या पैशांत अकोल्याच्या डोंगरात जीप येणार नाही, हे योजना आखणाऱ्यांनाही ठाऊक असावे. जेथे रिक्षा किंवा बस मुळातच धावते, तेथे तिच्या भाड्याला हातभार लावण्यापुरता भत्ता उपयोगी पडतो. जेथे वाहनच नाही, तेथे तो पालकांच्या खात्यात जमा होऊन घरखर्चात मुरतो आणि शासनाच्या कागदावर मात्र मुलाला प्रवासाची मदत पोहोचल्याची नोंद होते. माझ्या मते या योजनेतला मोठा दोष हाच आहे.

म्हणून आपण भत्त्याचा अर्ज जरूर करा, पण त्याबरोबर वाहनाची मागणी स्वतंत्रपणे आणि लेखी करा. त्यासाठी तीन आधार आपल्या बाजूने आहेत. एक म्हणजे अंतर. राज्याच्या २०११ च्या शिक्षणहक्क नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. आपल्या मुलाची पाचवी साडेतीन किलोमीटरवर आहे, म्हणजे चालू शकणाऱ्या मुलांच्या बाबतीतही तेथे नियमाचे अंतर पाळले गेलेले नाही. वाडीतली बाकीची मुले त्याच वाटेने जाणार असतील तर मागणी आपल्या एकट्या मुलाची राहत नाही. दूरच्या आणि विरळ वस्त्यांमधील मुलांच्या वाहतुकीसाठी समग्र शिक्षेत वर्षाला प्रत्येकी ६,००० रुपयांपर्यंतची वेगळी तरतूद आहे. चार-पाच मुलांची मिळून मागणी गेली तर एखाद्या जीपवाल्याशी महिन्याचा ठराव करण्याइतका हिशेब जमू शकतो.

दुसरा आधार शाळा व्यवस्थापन समितीचा. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे हे तिचे कायदेशीर काम आहे. खालच्या गावातील शाळेच्या समितीने ‘या वाडीतील अमुक मुलांसाठी वाहन आवश्यक आहे’ असा ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवला, तर आपल्या तोंडी विनंतीपेक्षा त्याचे वजन कितीतरी अधिक असते. तिसरा आधार ग्रामपंचायतीचा. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करायचा असतो. लहान ग्रामपंचायतीची ही रक्कम फार नसते आणि पुष्कळदा ती एखाद्या वस्तुवाटपात संपून जाते. पण ग्रामसभेत आधीच मागणी नोंदवली असेल तर तिच्यातून वाहनखर्चाचा काही वाटा मागता येतो. जिल्हा परिषदेलाही हाच नियम लागू आहे.

यात वेळेला फार महत्त्व आहे. समग्र शिक्षेचा पुढील वर्षाचा आराखडा आधीच्या हिवाळ्यात आकार घेऊ लागतो आणि त्याचा पाया शाळेने यूडायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीत भरलेली माहिती हा असतो. त्या माहितीत आपल्या मुलाच्या नावापुढे दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला नसेल, तर योजनेच्या दृष्टीने तो मुलगा विशेष गरजांचा ठरतच नाही, मग घरात यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, असो वा नसो. तेव्हा शाळेत जाऊन ती नोंद स्वतः पाहा आणि दिवाळीनंतर लगेच वाहनाचे पत्र द्या. जूनमध्ये दिलेल्या पत्राला ‘यंदाची तरतूद झाली आहे’ हे उत्तर ठरलेले असते. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांना एकदा घरी बोलवा, पायवाट दाखवा आणि त्यांच्याकडून मुलाच्या प्रवासाची गरज लिहून घ्या. मदतनीस म्हणून आपलेच नाव नोंदवता येईल का, हेही त्यांनाच विचारा. ने-आण करणाऱ्या आईचेच नाव पुष्कळ ठिकाणी लागते.

वाहन मिळाले तर आणखी एक काळजी घ्यावी. मान आणि पाठ सावरता न येणाऱ्या मुलाला जीपच्या मागच्या आडव्या बाकावर बसवू नये. पुढे तोंड असलेली, पाठ टेकणारी जागा आणि छातीवरून येणारा रुंद पट्टा एवढे तरी असावे, आणि तो कसा बांधायचा हे फिजिओथेरपिस्टने चालकाला प्रत्यक्ष दाखवावे.

प्रश्न : माझी मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) असून शिक्षणहक्क कायद्याच्या २५ टक्के राखीव जागांतून पिंपरी-चिंचवडमधील एका खासगी शाळेत तिला पहिलीत प्रवेश मिळाला. पहिल्या आठवड्यात ती बसमध्ये मोठ्याने रडली, म्हणून बस ठेकेदाराने तिला न्यायचे बंद केले. शाळा म्हणते, बसचा करार पालक आणि ठेकेदार यांच्यातला आहे, आमचा संबंध नाही.

उत्तर : शाळेचा संबंध आहे. महाराष्ट्रात शालेय बसगाड्यांसाठी २०११ चे नियम आहेत आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असावी लागते. मुलांची ने-आण सुरक्षित होते की नाही हे पाहणे आणि भाडे व थांबे ठरवणे ही त्या समितीची कामे आहेत. ठेकेदार बाहेरचा असला म्हणून ही जबाबदारी सुटत नाही. शिवाय, वर सांगितलेले कलम १६ मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू होते, आणि दिव्यांग व्यक्तीला वाजवी सोय नाकारणे हा त्याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भेदभाव आहे. रडण्याच्या कारणावरून मुलीला बसमधून काढणे आणि त्याआधी काहीही करून न पाहणे, हे या व्याख्येत बसते असे मला वाटते.

तरीही पहिले पत्र तक्रारीचे नसावे, असा माझा सल्ला आहे. मुख्याध्यापकांना लिहून परिवहन समितीची बैठक मागा आणि तिच्यापुढे नेमक्या सोयी ठेवा : ठरलेली एकच जागा, शक्यतो पुढची आणि खिडकीजवळची, तिला सर्वांत शेवटी घेणे आणि सर्वांत आधी सोडणे, म्हणजे बसमधला वेळ कमी होतो, हॉर्न आणि गाण्यांचा आवाज सहन होत नसेल तर कान झाकणारे हेडफोन, आणि बसमधील महिला मदतनीस शक्यतो रोज तीच. मुलगी कशाने घाबरते, शांत कशी होते, बोलता येत नसेल तर पाणी किंवा शौचालय कसे मागते, हे एका पानावर मराठीत लिहून चालक आणि मदतनीस यांना द्या. शाळा सुटल्यानंतर रिकाम्या बसमध्ये तिला दोनतीनदा नुसते बसवून आणले, तरी पुष्कळ फरक पडतो. स्वमग्न मुलांना नव्या जागेपेक्षा अनपेक्षित बदलाचा त्रास अधिक होतो, हे ठेकेदाराला कोणी सांगितलेलेच नसते.

एवढे करूनही नकार आला, तर तो लेखी मागा. त्यानंतर शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करा. हक्क डावलला गेल्याच्या तक्रारीची चौकशी करण्याचा अधिकार राज्य आयुक्तांना कलम ८० ने दिला असून साक्षीदारांना बोलावणे, कागदपत्रे मागवणे यांसाठी त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. बसचे भाडे माफ होईल का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. २५ टक्के जागांसाठी शासन शाळेला शुल्काची प्रतिपूर्ती करते, तिच्यात बसचे भाडे धरलेले नसते.

प्रश्न : माझ्या मुलाला ७० टक्के अस्थिव्यंग आहे. त्याला मी एसटीने तालुक्याच्या शाळेत सोडतो आणि आणतो. सवलत कोणाकोणाला मिळते? त्याची बहीण कर्णबधिर असून आठवीत आहे, तिलाही काही मिळेल का?

उत्तर : ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर एसटीच्या साध्या गाड्यांत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि दिव्यांगत्व ६५ टक्क्यांहून अधिक असल्यास सोबतच्या साथीदारालाही ५० टक्के सवलत मिळते. यात एक अडचण राहते, ती आपल्याला रोज जाणवत असेल. मुलाला सोडून आपण एकटे परतता आणि दुपारी पुन्हा एकटे जाता. त्या दोन फेऱ्यांत आपण कोणाचे साथीदार नसता, त्यामुळे तिकीट पूर्ण पडते. मुलाची आई ही ने-आण करू शकत असेल तर मार्च २०२३ पासून महिलांना असलेली ५० टक्के सवलत तिला एकटीलाही लागू होते. घरातील कामाची वाटणी तिकिटावरून ठरवावी असे मी म्हणत नाही, पण महिन्याच्या हिशेबात फरक मोठा आहे. मुलीला पाचवी ते बारावीच्या विद्यार्थिनींसाठी असलेला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास मिळतो का, हे शाळेत विचारा. दिव्यांग मुलींसाठी समग्र शिक्षेतून मिळणारा महिना २०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता वेगळा आहे. तो वर्षातील दहा महिन्यांचा असून त्याचा बसच्या भाड्याशी संबंध नाही, म्हणून मोफत पास आहे या कारणाने तो नाकारता येणार नाही.

प्रश्न : नातवाला बहुविकलांगता आहे. शाळेतून सारखे सुचवले जाते की एवढी ओढाताण करण्यापेक्षा त्याला गृहाधारित शिक्षण द्यावे. आम्ही काय करावे?

उत्तर : शिक्षणहक्क कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती होऊन बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. हा पर्याय निवडण्याचा अधिकार मुलाचा, म्हणजे व्यवहारात पालकांचा आहे. शाळेला तो लादता येत नाही. ज्या मुलाला बसवले की झटके येतात किंवा ज्याची प्रकृती प्रवासाने ढासळते, त्याच्यासाठी घरचे शिक्षण योग्यच आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. परंतु वाहन नाही, चाकाच्या खुर्चीसाठी उतार नाही, उचलायला माणूस नाही, एवढ्याच कारणांनी हा पर्याय पुढे केला जात असेल तर शाळेची अडचण मुलाच्या नावावर टाकली जात आहे.

आपण शाळेला एक साधा प्रश्न लेखी विचारा : दारापर्यंत वाहन आले आणि मदतनीस मिळाला, तर हा मुलगा शाळेत बसू शकेल का? उत्तर ‘हो’ असेल तर चर्चा वाहनाची व्हायला हवी. उत्तर ‘नाही’ असेल तर त्यामागचे वैद्यकीय कारण विशेष शिक्षकांनी आणि डॉक्टरांनी नोंदवावे. दोन्हींच्या मधला मार्गही मागता येतो. आठवड्यातून दोन दिवस शाळा आणि उरलेले दिवस घरी, अशी सुरुवात मुलाच्या सवयीसाठी सोयीची ठरते. गृहाधारित शिक्षण घेतलेच, तर विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा येणार आणि काय शिकवणार, याचा आराखडा सहीसह मागून घ्या आणि प्रत्येक भेटीची तारीख घरच्या वहीत लिहून ठेवा. पुढे त्याला शाळेत न्यायचे ठरले, तर प्रवेश त्याच शाळेच्या पटावर कायम आहे ना, याची खात्री आताच करून घ्या.