खांदा दुखतो, हात वर जात नाही, म्हणजे फ्रोझन शोल्डरच (सांध्याभोवतीचं आवरण आखडून खांदा जाम होणं) का?

नाही, तसंच असेल असं नाही. डॉक्टर आधी तुम्हाला स्वतःहून हात उचलायला लावतात, मग हात सैल सोडायला सांगून ते स्वतः हलवून बघतात, आणि खरा फरक या दुसऱ्या भागात कळतो. त्यांनी हलवूनही अडतोच, खास करून कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर फिरवताना, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता जास्त, डायबेटिस असेल तर अजूनच. एक्सरे बहुतेक नॉर्मल येतो, तो सांध्याची झीज नाही ना हे बघायला काढतात, त्यामुळे रिपोर्ट चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

पण दुसऱ्याने उचलला की बऱ्यापैकी वर जातो आणि स्वतः उचलताना साधारण ६० ते १२० अंशांच्या मधे कळ येते किंवा हातात ताकदच येत नाही, तर रोटेटर कफचा, म्हणजे खांदा उचलणाऱ्या-फिरवणाऱ्या स्नायूंचा, त्रास असू शकतो. मान पण तपासून घ्याच, तिथली नस दबली तरी खांदा दुखतो, मग बऱ्याचदा हातात बोटांपर्यंत मुंग्या येतात.

सांधा गरम लाल होऊन ताप असेल किंवा पडल्यावर हात एकदम उचलेनासा झाला असेल तर प्लीज त्याच दिवशी दाखवा.