रेडिंगला येताय, तर पोलिसांबद्दल थोडं

ताई, तुम्ही विचारलंत की यजमानांची बदली इंग्लंडमध्ये रेडिंगला होतेय, बरोबर अकरा वर्षांचा मुलगा आहे. काही बरंवाईट झालं तर पोलीस ठाणं कुठे, आणि आपल्यासारख्यांचं ते ऐकून घेतात का. ९९९ (तातडीचा नंबर) कधी, १०१ (तातडी नसेल तेव्हाचा पोलिसांचा नंबर) कधी, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, ते सोडून देते. बाकीचं मात्र लिहायला बसले आणि लांबलं.

पहिलं म्हणजे, आपल्या डोक्यातलं ठाणं काढून टाका. भागाभागाला ठाणं, आत ठाणे अंमलदार, त्याच्यासमोर "साहेब, तक्रार लिहून घ्या" म्हणत बाकावर बसायचं, असं इथे नसतं. काउंटर थोडेच उरलेत. बहुतेक कामं फोनवर किंवा ऑनलाइन होतात, आणि गरज असेल तर पोलीस तुमच्या घरी येतात.

रेडिंग थेम्स व्हॅली पोलिसांच्या हद्दीत येतं. बर्कशायर, बकिंगहॅमशायर आणि ऑक्सफर्डशायर या तीन काउंट्यांचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या भागांचं, मिळून हे एक दल. १९६८ साली पाच लहान दलं एकत्र करून ते उभं केलं, मुख्यालय ऑक्सफर्डजवळ किडलिंग्टनला. तिन्ही काउंट्या मिळून सुमारे ५७०० चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे एकट्या नाशिक जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. पण त्यातच विंडसरचा राजवाडा, पंतप्रधानांचं चेकर्सचं घर, ऑक्सफर्ड विद्यापीठ, आणि आपली माणसं भरपूर असलेली स्लाउ, मिल्टन कीन्स ही शहरं.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशी ४३ दलं आहेत, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा, त्याला चीफ कॉन्स्टेबल म्हणतात (लंडनच्या दोन दलांत कमिशनर). आयपीएससारखी वरून येणारी फळी नाही. चीफ कॉन्स्टेबलसुद्धा बहुधा साधा कॉन्स्टेबल म्हणूनच नोकरीला लागलेला असतो. अमक्याला उचला किंवा तमक्याला सोडा, असा हुकूम गृहमंत्रीही त्याला देऊ शकत नाही. त्याला नेमायचं, पैशाचा हिशोब बघायचा आणि जाब विचारायचा हे काम पोलीस अँड क्राइम कमिशनरचं. हा माणूस २०१२ पासून लोकांच्या मतांनी निवडला जातो. ही पद्धत २०२८ मध्ये बंद करायचं सरकारने जाहीर केलंय, तेव्हा पुढे हे बदलेल. पण मतदार यादीत नाव आल्याआल्या घाला. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्याला भारतीय पासपोर्टवरही इथे मत देता येतं, आणि कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या, बिलावर पोलिसांच्या नावाची वेगळी ओळ असते, ते पैसे तुम्हीच भरणार आहात.

गस्तीवरच्या कॉन्स्टेबलच्या कमरेला पिस्तूल नसतं. खांद्यावर नंबर असतो, छातीवर कॅमेरा. गल्लीत नेहमी दिसणारे पीसीएसओ, म्हणजे वस्तीत फिरणारे पोलिसांचे गणवेशातले मदतनीस, त्यांना अटकेचा अधिकार नसतो, पण वस्तीतली खडान्‌खडा माहिती असते. त्यांची ओळख ठेवा. यजमान ट्रेनने लंडनला जाणार असतील तर रेल्वेचं दल निराळं, ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस. ६१०१६ वर मेसेज केला तरी चालतो. आणि लग्नातलं सोनं घरात ठेवू नका. आपल्या लोकांच्या घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना पक्कं ठाऊक आहे.

आता ऐकून घेतात का, याबद्दल.

आमचा मुलगा बारा वर्षांचा असताना बसस्टॉपवर शाळेतली दोन मुलं रोज त्याच्या बोलण्याची नक्कल करायची. एके दिवशी त्याच्या ब्लेझरवर थुंकली, वर जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. शाळेत गेलो तर शाळेने तिघांना एका खोलीत बसवलं आणि तिघांनाही एकमेकांना सॉरी म्हणायला लावलं. आमच्या मुलालासुद्धा. वर घरी पत्र आलं की गैरसमज दूर झाला आहे. मी तीनदा लेखी विचारलं की माझ्या मुलाने कशाबद्दल माफी मागितली. तक्रारीचा फॉर्म, मग पहिली पायरी, दुसरी पायरी, गव्हर्नरांची (शाळेच्या संचालक मंडळाची) समिती, प्रत्येक ठिकाणी तेच सगळं पुन्हा लिहायचं. त्या प्रश्नाचं उत्तर आजही आलेलं नाही. मुलगा आता नोकरीला लागला, आणि ते पत्र अजून व्हिसाच्या कागदांच्या फाइलीत आहे. फाडवत नाही.

पोलिसांना कळवायचं म्हटल्यावर हे म्हणाले, व्हिसावर आहोत, पोलिसात नाव नको. माझे वडील आयुष्यभर हेच म्हणत आले, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. तुमच्याही घरी हा विषय निघेल म्हणून स्पष्ट सांगते: तक्रारदार म्हणून नाव गेल्याने व्हिसाला किंवा आयएलआरला (कायम राहण्याच्या परवानगीला) काही होत नाही. गुन्हा आपण केला तर होतं, तेव्हा साधं कॉशन, म्हणजे पोलिसांची औपचारिक ताकीदसुद्धा अर्जात लिहावी लागते.

मी १०१ ला फोन केला. दोन दिवसांनी एक कॉन्स्टेबल बाई आल्या, बूट दारात काढू का विचारलं, स्वयंपाकघरात बसल्या आणि आमच्याशी बोलण्याआधी मुलाशी बोलल्या. त्यांनी त्याला विचारलं, त्यांनी असं का केलं असेल असं तुला वाटतं? तो म्हणाला, मी ब्राउन आहे म्हणून. त्यांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. १९९३ साली लंडनमध्ये स्टीफन लॉरेन्स या काळ्या मुलाचा खून झाला, पोलिसांनी तपासात माती खाल्ली, आणि १९९९ च्या मॅकफर्सन अहवालानंतर ठरलं की पीडिताला घटना वर्णद्वेषी वाटत असेल तर पोलिसांनी ती तशीच नोंदवायची. संध्याकाळी क्राइम नंबर, म्हणजे तक्रार नोंदल्याचा क्रमांक, आला. इथे दहा वर्षांवरच्या मुलावर खटला होऊ शकतो, पण तसं काही झालं नाही. त्या दोघांच्या घरी जाऊन आईवडिलांसमोर त्यांना समज दिली. बसस्टॉपवरचा त्रास थांबला.

तुम्ही एकटेपणाचंही विचारलंय. असतो. पहिला हिवाळा जड जातो, मग सवय होते. फक्त एवढं सांगते की त्या बाई पाऊण तास आमच्या घरात बसल्या, आल्याचा चहा घेतला, आणि त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं की या देशात आमच्या घरी येऊन बसलेलं, आपल्यातलं नसलेलं हे पहिलंच माणूस. मला रडू आलं ते मुलासाठी की कशासाठी, ते मला अजून कळलेलं नाही.

तुमच्या मुलासाठी: इथे अकराव्या वर्षी सेकंडरी शाळा सुरू होते आणि त्या प्रवेशाच्या अर्जाची मुदत आदल्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला संपते. तुम्ही नंतर आलात तर जिथे जागा असेल तीच शाळा. घर घेण्याआधी कौन्सिलला (इथल्या नगरपालिकेला) फोन करून कुठल्या शाळेत जागा आहे ते विचारा. आणि शाळेत काही झालं तर त्याच दिवशी ईमेल करा, तारीख, वेळ, नेमके शब्द घालून. तोंडी बोलून घरी येऊ नका. कुठला भाग बघताय ते कळवा, तिथलं जे माहीत आहे ते सांगेन.